पुऱ्या या वेळी घरीच राहू द्या

पत्र : ताई, आम्ही मनीषनगरला राहतो. मी, मिस्टर, १३ वर्षांचा मुलगा, ७ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्या ७२ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. दर दिवाळीनंतर घरात ठरतं की यंदा थंडीत खूप फिरायचं. मग पचमढी की ताडोबा यावर वाद घालता घालता संक्रांत येते. मागच्या वर्षी नाताळात कसेबसे चिखलदऱ्याला गेलो. मी पहाटे चारला उठून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली. रस्त्यात सहा तास गेले. खोलीत गरम पाणी नव्हतं, धबधबा एकही दिसला नाही, मुलगा मोबाइलमध्ये, सासूबाई गाडीतच बसून. मुलांनी वाटेत ढाब्यावर खाल्लं आणि पुऱ्या तशाच राहिल्या. परत आल्यावर त्या पुऱ्या मी दोन दिवस चहासोबत एकटीने संपवल्या. आता फिरायचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो. पण एप्रिलपासून तर दारं-खिडक्या लावून कूलरपुढेच बसायचं आहे. हे दोन महिने वाया जाऊ द्यायचे का? कुठे जावं आणि सासूबाईंना न्यावं की नाही, दोन्ही सांगा.
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा लक्ष गेलं ते पचमढी, ताडोबा, चिखलदरा या नावांकडे. दुसऱ्यांदा गेलं पुऱ्यांकडे. एवढ्याशा पत्रात त्या तीन वेळा आल्या आहेत, सासूबाईंचे गुडघे एकदाच. म्हणून आधी पुऱ्यांचं बोलू, मग गावांचं.

घरातल्या बाईने चारला उठायचं आणि बाकीच्यांनी साडेसहाला. गाडीत बसेपर्यंत तिचा अर्धा दिवस होऊन गेलेला असतो, कंबर धरलेली असते, आणि वाटेत कोणीतरी म्हणतं, 'अगं, ढाब्यावरच खाऊ ना.' अख्खं स्वयंपाकघर डिकीत कोंबून दुसऱ्या गावी न्यायचं, याला आपल्याकडे सहल म्हणतात. माझी आई रामटेकला जाताना वातीचा स्टोव्ह आणि रॉकेलची बाटली बरोबर न्यायची. बाटली एकदा तिखटमिठाच्या पुऱ्यांच्या डब्यावर लवंडली, आणि आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा रामटेकच्या बाजारातले गरम आलुबोंडे खाल्ले. आईसकट सगळे खूश. तरी पुढच्या वर्षी स्टोव्ह पुन्हा निघालाच. सवय अशी असते.

तर या हिवाळ्यात डबा न्यायचा नाही. संत्री, फल्लीदाणे, पाण्याच्या बाटल्या आणि चहाचा थर्मास, एवढंच घ्या. थर्मास मिस्टरांनी भरायचा. हसू नका, हे पक्कं ठरवून टाका, कारण खालचं सगळं त्यावर उभं आहे.

आता थंडीचं. आपल्या गावाची थंडी मजेशीर आहे. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश सोसलेलं हे शहर २९ डिसेंबर २०१८ च्या सकाळी ३.५ अंशांवर उतरलं होतं. पण हा कडाका पहाटेचा असतो. दहा वाजता आपण स्वेटर काढून कमरेला बांधतो. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य उगवतो पावणेसातच्या पुढे आणि पावणेसहाच्या आत मावळतो. म्हणजे अंगाला सुखावणारं ऊन साधारण नऊ ते चार. एवढाच तुमचा दिवस. पहाटे पाचला निघायची पद्धत उन्हाळ्याची. तेव्हा ऊन चुकवायचं असतं, आता ते गाठायचं असतं. त्यातून थंडीत पहाटेची हवा जमिनीलगत बसून राहते आणि शेकोट्यांचा, कचऱ्याचा, गाड्यांचा धूर तिच्यातच कोंडून राहतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. सासूबाईंना पहाटे गाडीत बसवणं म्हणूनच नको. नऊला निघा. तोवर त्यांचा नाश्ता, गोळी, आंघोळ सगळं निवांत होतं आणि तुमचीही झोप पुरी होते.

नऊला निघून दिवेलागणीला घरी यायचं, तर अंतराला आपोआपच लगाम लागतो. घरापासून साठ-सत्तर किलोमीटर, त्यापुढे नाही. पचमढी-ताडोबाचा वाद तिथेच मिटला. पंचमीला ठरवून सप्तमीला जाता येईल असं ठिकाण हवं. ज्याला महिनाभर आधी बुकिंग, रजा आणि चार जणांचं एकमत लागतं, ते ठिकाण तुमच्या घरात होत नाही हे तुम्हीच लिहिलंय. एका मोठ्या सहलीऐवजी तीन-चार अर्ध्या दिवसांच्या करा. त्यातली एखादी फसली तर फार काही बिघडत नाही.

चिखलदऱ्यावर मात्र राग ठेवू नका. विदर्भातलं ते एकमेव थंड हवेचं ठिकाण, अकराशे मीटरच्या आसपास उंच, वर कॉफीचे मळे आणि बाजूला गाविलगडाचा किल्ला. पण धबधबे पावसाळ्यातले. लोक ऑगस्टमधले व्हिडिओ बघून डिसेंबरात जातात आणि भीमकुंडाच्या कोरड्या कड्याकडे बघून हिरमुसतात. शिवाय तुमच्या घरापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, शेवटी घाट, आणि तोही नाताळच्या गर्दीत. मुलं थोडी मोठी झाली की दोन रात्री हाताशी ठेवून जा, सप्टेंबरात.

पहिली फेरी रामटेकची करा. जेमतेम पन्नास किलोमीटर. डिसेंबरात अधिवेशन असलं की शहरातून जाण्याच्या भानगडीत पडू नका. तुम्ही मनीषनगरचे, बाहेरच्या रिंगरोडने निघा. गाडी गडावर बरीच वर जाते, तरी पायऱ्या आहेतच. सासूबाईंना जमतील तेवढ्या चढू द्या, नाही जमल्या तर खालच्या कट्ट्यावर उन्हात बसू द्या. कोणीतरी त्यांच्याजवळ थांबायचं, आणि ते कोणीतरी दर वेळी तुम्हीच असायला नको. हातात पिशवी धरू नका, कारण गडावरची वांदरं पिशवीकडे बघत नाहीत, थेट घेऊनच जातात. मुलाला राममंदिराच्या वाटेवरचं केवल नरसिंहाचं मंदिर दाखवा, भिंतीवर वाकाटकांच्या काळचा शिलालेख आहे. दीड हजार वर्षांपूर्वीची अक्षरं बोटाच्या अंतरावरून बघायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. मेघदूतातला रामगिरी तो हाच असं मानतात, म्हणून कालिदासाचं स्मारकही इथेच. तिथून खिंडसीच्या तलावावर उतरा. बोटीत बसा, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मुलांना बसवू नका. जेवण रामटेकातच करा आणि चार वाजता परत फिरा.

सासूबाईंना न्यावं का, याचं उत्तर मी सेवाग्राम-पवनारने देईन. तुम्ही आजवर त्यांना जिथे जिथे नेलंत, तिथे चढ होता, पायऱ्या होत्या, खड्डे होते, आणि मग त्या गाडीत बसून राहिल्या. त्यांना फिरायचंच नाही असा अर्थ त्यातून काढू नका. सेवाग्रामला सगळं सपाट. पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास अंतर, पण रेल्वेने जा. नागपूरहून तास-सव्वा तासात सेवाग्राम स्टेशन येतं, तिथून ऑटो. गाडी चालवायची नसली की मिस्टरांचाही मूड बरा राहील. गांधीजी इथे १९३६ मध्ये राहायला आले. बापूकुटी अजून मातीचीच आहे, आत गेलं की डिसेंबरच्या दुपारीही भिंतींचा गारवा जाणवतो. मुलीला सापाचा पिंजरा आणि चिमटा दाखवा. आश्रमात साप निघाला की मारायचा नाही, त्या लांब लाकडी चिमट्याने धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि दूर नेऊन सोडायचा. सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यात ती एक वस्तू वर्षभर राहील. मुलाला व्हाइसरॉयने बसवून घेतलेल्या टेलिफोनची खोली दाखवा आणि सांगा की दिल्लीशी बोलायला एकदा एवढीच सोय होती. तो डोळे फिरवेल. फिरवू दे.

पवनारला धाम नदी आहे. विनोबांनी १९५९ मध्ये सुरू केलेलं ब्रह्मविद्या मंदिर तिथेच. शेत खणताना विनोबांना सापडलेली राम-भरत भेटीची मूर्ती बघून सासूबाई पाच मिनिटं तिथून हलणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. नदीकाठी खडकावर ऊन छान पडतं. घरून एक घडीची सतरंजी आणि जाड उशी न्या, गुडघे मोडून बसायची वेळ येऊ देऊ नका. तिथे तासभर नुसतं बसायचं. कार्यक्रम काही नाही.

जंगलाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ताडोबाचं नाव आलंय म्हणून लिहिते. उमरेड-करांडला तुम्हाला ताडोब्याहून जवळ. मी एका जानेवारीत तिथल्या सकाळच्या फेरीला साडीवर नुसती शाल घेऊन गेले होते. शाल चांगली होती, लग्नातली, पण उघड्या जिप्सीला शालीचं काय कौतुक! वारा कानातून शिरून दातांतून बाहेर पडत होता. पहिला अर्धा तास मी वाघासाठी नव्हे, उन्हासाठी नवस बोलत होते. वाघ दिसला नाही. एक सांबर दिसलं, तेही माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होतं. तेव्हा मुलांना न्यायचं तर दुपारच्या फेरीला न्या, आणि तरीही कानटोपी, हातमोजे, बंद बूट हवेतच. शेवटच्या अर्ध्या तासात गारठा पुन्हा येतो. भडक रंगांचे स्वेटर घरी ठेवा. ओळखपत्र मूळ न्या. सासूबाईंना जिप्सीत बसवू नका, त्या धक्क्यांनी गुडघे आणि पाठ दोन्ही जातील.

आणि ३१ डिसेंबरला कुठल्याच जंगलात जाऊ नका. २०२४ च्या ३१ डिसेंबरला याच अभयारण्यातल्या गोठणगावजवळ एक वाघीण आणि तिची पिल्लं दोन्हीकडून पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. वाघ दिसलाच पाहिजे, पैसे भरलेत, या हट्टाने जंगलात गेलं की असंच होतं. त्यापेक्षा मुलीला उमरेड भागातल्या पारडगाव, सायकीसारख्या तलावांवर न्या. थंडीत तिथे पट्टकदंब येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस. हिमालय ओलांडून येतात. दुर्बीण एखादी उसनी मिळतेच. काठापासून लांब उभं राहायचं, ओरडायचं नाही, मोजायचे. लहान पोरांना मोजायचं काम दिलं की ती तासभर कंटाळत नाहीत.

१३ वर्षांच्या मुलाचं वेगळं. त्याच्या हातातून मोबाइल काढून घेण्याचा नाद सोडा, त्याला एक रात्र द्या. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे रात्री दिव्यांचा उजेड जाणूनबुजून कमी ठेवलेला इलाका, आकाश खरोखर काळं दिसतं. सिल्लारीच्या बाजूला एक मुक्काम करा, बुकिंगचं सगळं काम त्याच्याकडे सोपवा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीकडून उल्कावर्षाव होतो, तो जमला तर सोन्याहून पिवळं. मात्र कॅलेंडरमध्ये चंद्र बघून घ्या, चांदणं असेल तर अर्ध्याहून जास्त उल्का त्यात बुडतात. गादी, रजई घेऊन उताणं पडायचं, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं द्यायची. तेवढा वेळ मोबाइलचा पडदा बंद ठेवावाच लागतो, आणि ते त्याला तुम्ही नाही, आकाश सांगेल.

पेंच लगेच नाही जमलं तर गच्ची आहे. मनीषनगरला तारे थोडेच दिसतात, पण मृग दिसतोच. डिसेंबरात जेवणं झाल्यावर पूर्वेला बघा. मृगाच्या पोटातला बाण, मागे लागलेला व्याध, वर कृत्तिकांचा पुंजका. हे तुम्हाला-मला पुस्तक बघून सांगावं लागेल, सासूबाईंना बहुतेक पाठ असेल. त्यांच्या वयाच्या बायका नक्षत्रांवर पेरण्या बघत वाढल्या आहेत. नातवाला त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून द्या आणि तुम्ही खाली या.

संत्र्याची बाग मुलांना दाखवायची तर काटोल-कळमेश्वरकडे डिसेंबर सरायच्या आत जा, तोवर अंबिया बहाराची फळं झाडावर असतात. मृग बहार मग फेब्रुवारीनंतर. मालकाला विचारल्याशिवाय कुंपण ओलांडू नका, आणि पाच किलो तरी विकत घ्या. आणि संक्रांतीच्या आठवड्यात दुचाकीवर पोरांना पुढे बसवून कुठेही जाऊ नका. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो दर वर्षी गळ्यांशी येतोच. चारचाकी नसेल त्या दिवशी घरीच पतंग उडवा.

आता शेवटचं, आणि माझ्या मते तुमच्या घरासाठी सगळ्यात कामाचं. तुमच्याकडे नसेल तर मिस्टरांच्या ऑफिसात विचारा, नागपुरात प्रत्येक चौथ्या माणसाचं हिंगणा, कुही, मौदा नाहीतर कळमेश्वरला एखादं शेत असतंच. जानेवारीतला एक रविवार तिथे काढा. रोडगे करायचे. रोडगे हे आपल्या विदर्भात बाप्यांचं काम, हे तुमच्या घरातल्या बाप्याला बहुतेक आठवत नसेल. आठवण करून द्या.

कणीक जाड लागते. मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायची. एक छोटी गोळी, तिला तेल लावायचं, तिच्यावर दुसरी पारी, पुन्हा तेल, वर तिसरी, असा मुठीएवढा गोळा करायचा. तिकडे गोवऱ्या रचून पेटवायच्या. जाळ निवून लाल निखारा झाला, की रोडगे त्यात सोडायचे आणि वरूनही निखारे ओढायचे. इथे घाई करणारा माणूस वरून काळे आणि आतून कच्चे रोडगे खातो. मधून मधून फिरवत राहायचं. झाले की फडक्यात घेऊन राख झटकायची, मुठीने फोडायचे. आतले पापुद्रे सुटे झाले पाहिजेत. त्यात तूप ओतायचं. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. तूर भरली असेल तर ओल्या शेंगा मीठ घालून उकडा, उरलेले सोले घरी आणून सोलेभात करा. जंगलाच्या हद्दीजवळ चूल पेटवायची नाही, आणि निघताना निखाऱ्यांवर बादलीभर पाणी ओतायचं.

त्या दिवशी तुमचं काम एकच, वांग्याच्या भाजीत मीठ बरोबर आहे का ते चाखून सांगायचं. सासूबाईंची खुर्ची विस्तवापासून जरा लांब, उन्हात टाका. रोडगे भाजले की नाहीत हे त्या लांबूनच सांगतील, न विचारता सांगतील. त्या दिवशी त्यांचं ऐका.

दळण शनिवारीच टाका, पण मिस्टरांना पाठवा. त्यांना जाड म्हणजे किती जाड हे समजणार नाही. गिरणीवाल्याला 'रोडग्यांसाठी' एवढंच सांगायला लावा, पुढचं तो बघून घेतो.